साक्षीदारबाईंनी न केलेली सही

वकिलांच्या ऑफिसात बाई टायपिस्ट, पण अशिलांत नाव पडलं साक्षीदारबाई. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक समोरचा औषधदुकानदार, दुसऱ्या बाई. बावीस वर्षांत इतक्या जणांच्या शेवटच्या इच्छेखाली त्यांनी सही ठोकली, की धाकटी जाऊ म्हणायची, "जाऊबाई, तुमची सही म्हणजे यमाचा शिक्का हो!"

त्याच जावेचं शिलाई मशीन बाई मागून आणायच्या. सुई मोडली की आठवडाभर टोमणे. स्वतःचं मशीन हवं, हे गाऱ्हाणं ऑफिसातल्या भिंतींनाही पाठ झालं होतं.

शिंपीआजोबांनी ते ऐकलं असणार. हा गडी दर दोन महिन्यांनी मृत्युपत्र बदलायचा. पुतण्याचा फोन आला नाही, की बदल. परवा एकोणिसावं. घर पुतण्याला, कात्र्या भाचीला, इथवर बाईंची बोटं धावली आणि पुढच्या ओळीवर जागच्या जागी थिजली. पायाचं मशीन, चालू स्थितीत, खुद्द टायपिस्टबाईंना!

कागद घेऊन बाई वकिलांच्या खोलीत घुसल्या. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, बाई. सही तरी करा, नाहीतर मशीन तरी घ्या."

"दोन्ही करा की!" समोर बसलेले आजोबा उखडले. "बाईंच्या सहीशिवाय मला मेल्यासारखं वाटायचं नाही."

बाईंनी पेन उचललं. आजोबांच्या कागदांवर अठरा वेळा केलेली सही, हात आपोआप कागदाकडे निघाला. मग जावेचं ते नाक मुरडणं डोळ्यांपुढे आलं. पेन खाली.

"आजोबा, आज फायलीवाले काका सही करतील."

"तो? शाईत पडलेलं झुरळ कागदावरून पळावं, तशी सही त्याची!"

तरी काकांना बोलावलं, औषधदुकानदारही आला. बाईंना बाहेर काढलं. दाराला कान लावून उभ्या राहिल्या, तर आतून आजोबांचाच आवाज, "अरे, सही कर, नक्षी काय काढतोस!"

काठी आपटत आजोबा बाहेर आले.

"झालं?" बाईंचा जीव टांगणीला.

"झालं. मशीन तुझं." दोन पावलं जाऊन आजोबा वळले. "पण त्या झुरळावर माझा भरवसा नाही. दोन महिन्यांनी येतो, तोवर काही मरत नाही."