मध्यस्थाला न दिसणारी वाट

“चूक झाली म्हणायला तुझी जीभ झिजते का?”

“चूक झालीच. ते मी वर जाऊन माइकवर सांगेन. कल्पनाच चुकीची होती, एवढं मात्र म्हणणार नाही.”

साहेबांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या टेबलांवरचे कीबोर्ड एकदम गप्प झाले होते. वरच्या मजल्यावर सभासद कंपन्यांची माणसं जमत होती. त्यांच्यासमोर इथल्या इंजिनिअर ताईनं आपली योजना मागे घ्यावी, नाहीतर खालच्या मशीन हॉलचा ताबा सोडावा, असं साहेबांचं म्हणणं होतं. तो हॉल तिनं पहिल्या रॅकपासून उभा केलेला. तिथल्या पंख्यांच्या आवाजात तिला घरच्यापेक्षा चांगली झोप लागते, असं नवरा चारचौघांत सांगायचा.

ही इमारत म्हणजे इंटरनेटचा बाजार. पाचशे कंपन्या आपापल्या वायरी इथं आणून सोडतात आणि एकमेकींचा माल, म्हणजे डेटा, इथंच बदलून घेतात. कुणाकडे कुठून जायचं, हे सांगायला मधोमध एक यंत्र आहे. त्याला सगळे मध्यस्थ म्हणतात. लग्न जुळवणाऱ्याचं असतं तसंच त्याचं. दोन्ही घरी याची ऊठबस, म्हणून त्या दोन घरांचंही आपसात बरं चाललंय असं तो धरून चालतो. त्यांच्यातली थेट वाट तुटली तरी त्याला पत्ता नसतो. माल खड्ड्यात पडत राहतो आणि मध्यस्थ म्हणतो, सगळं ठीक.

ताईचं म्हणणं साधं होतं. मध्यस्थावर विसंबू नका, एकमेकांना थेट विचारा, “आहेस का?” सेकंदाला कितीतरी वेळा. लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही की वाट मेली समजायचं आणि दुसरी धरायची. घरी तिनं हे समजावून सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या, “पेट्यांची एवढी विचारपूस. मला आठवड्यातून एकदा विचारलंस तरी पुरे.”

घोटाळा झाला तो चालू करण्यात. वर्षानुवर्षं ज्या कंपन्या ऐकत नव्हत्या त्या आता ऐकतायत, या आनंदात तिनं एका दुपारी सगळ्यांचं एकदमच सुरू केलं. पाचशेंनी पाचशेंना विचारायला घेतलं. कंपन्यांचे राउटर, म्हणजे माल पुढं धाडणाऱ्या पेट्या, उत्तरं देऊन देऊन इतके दमले की उत्तरं वेळेत निघेनात. धडधाकट शेजारी मेल्याचं जाहीर होऊ लागलं, सगळे वाटा बदलत सुटले आणि अख्खा बाजार बसला. “जिवंत माणसांच्या तिरड्या बांधल्यास तू,” असं साहेब तेव्हा म्हणाले होते. ताईनं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

आता मात्र मान वर होती. ज्यांच्यात खरोखर माल जातो तेवढ्याच जोड्यांनी विचारायचं, उत्तर राउटरच्या मेंदूनं न देता वायरीच्या तोंडाशी असलेल्या कार्डानं परस्पर द्यायचं आणि सगळ्यांनी एका ठोक्याला सुरुवात करायची नाही, असं तिनं बसवलं होतं. वीस कंपन्या आपणहून तयार झाल्या होत्या. त्यांच्यात मुद्दाम वाटा तोडून पाहिल्या, तर फोनवर बोलणाऱ्याला अडखळल्याचंही कळलं नाही.

साहेब काही मूर्ख नव्हते. ताईला वायर जोडायला त्यांनीच शिकवलं होतं. वीस म्हणजे पाचशे नव्हेत, ते म्हणाले. अजून एकदा बाजार बसला तर सभासद दुसरीकडे जातील आणि दाराला कुलूप लागेल.

“आणि वाट तुटून माल खड्ड्यात गेला, तर ते चालतं?”

“त्यासाठी लोक वायरीला शिव्या देतात. आपल्याला नाही.”

“म्हणून गप्प बसायचं? हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज खाली आला. “शेवटचं विचारतो. माघार घेतेस, की हॉल सोडतेस?”

ताईनं गळ्यातला हॉलचा पास काढला, दोरी नीट गुंडाळली आणि तो चष्म्याशेजारी ठेवला. मग लॅपटॉप काखेत मारून ती बाहेर पडली आणि सभेच्या मजल्याकडे जिना चढू लागली.