प्लेटा परत करणारी बाई

अकोल्यातल्या त्या छापखान्यात प्लेटा काढायचं, म्हणजे छापायचं चित्र धातूच्या पत्र्यावर उतरवायचं काम एक पन्नाशीची बाई करायची. तिचं नाव मी विचारलं नाही. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असे. प्लेट उचलताना ती फक्त कडांना हात लावायची.

मूर्तिजापूरकडच्या म्हाताऱ्या मजूर बायांच्या फोटोंचं माझं पुस्तक तिथे छापायचं होतं. सुरकुत्या नीट उठाव्यात म्हणून, ज्यांनी छापील फोटो बनतो ते शाईचे ठिपके ओळीत न मांडता, भुरभुरलेल्या रांगोळीसारखे बारीक विखरायचं ठरलं होतं. मालकांनी लेझरच्या उष्णतेने चित्र उमटणाऱ्या नव्या, स्वस्त थर्मल प्लेटा आणल्या. बाईने एकाच डब्यातल्या तीन प्लेटांवर एकच चेहरा काढला आणि छापून घेतला. एकीवर गालात ढगासारखे डाग उतरले, दुसरीवर गाल फिकट पडला, तिसरी तेवढी बरी निघाली.

"तिन्हीले लेझर सारखाच देला. प्लेटाच एकसारख्या नाहीत. वापस करा," ती म्हणाली.

"कोन पाहते एवढं बारीक?" मालक म्हणाले.

"जिचं तोंड हाये, ते पाहीन. काळ्या बाईचं तोंड हाये म्हनून डाग चालते काय? मी नाही काढत."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आधी वापरायचे तसल्या प्लेटा नागपूरहून यायला चार दिवस लागणार होते आणि प्रकाशनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. चालवून घ्यावं, असं मलाही क्षणभर वाटलं. तेवढ्यात तिने तो डागाळलेला गाल माझ्यापुढे धरला.

"थांबतो," मी म्हणालो.

तिने आभार मानले नाहीत. डब्यावर खडूने मोठ्या अक्षरांत 'परत' लिहिलं, आणि डबा स्वतः उचलून दाराबाहेर नेऊन ठेवला.