ओळख परेडीतला सहावा

अन्याय झाला तो किसनवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तालुक्याच्या ठाण्याच्या व्हरांड्यात. माझा अपमान झाला तो पुढच्या आठवड्यात, जेलच्या दारात. आधी माझं सांगतो, कारण किसनचं मला तिथंच कळलं.

"शर्ट काढ," हवालदार म्हणाला. "लई इस्त्री मारून आलास. चोर वाटत न्हाईस."

गाडीतला एक मळका शर्ट त्यानं अंगावर फेकला. कुणाच्या तरी घामाचा वास. बूट काढायला लावले. डोक्यावर हात फिरवून केस विस्कटले. मग शिपायाला म्हणाला, "आता जमलं. ह्यांच्या वस्तीतल्या पोरांना लई सजवावं लागत न्हाई."

शिपाई हसला. आम्ही सहा जण होतो, आमच्यातलेही दोघं हसले. ते हसणं मला त्या शर्टापेक्षा जास्त लागलं.

आम्ही डमी. म्हणजे ओळख परेडीत आरोपीच्या शेजारी उभी करायची माणसं. एका बड्या शेतमालकाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली होती. पळणारा चोर मालकानं ओझरता बघितला होता. पोलिसांनी धरला किसनला. निलंग्याकडून वीटभट्टीवर कामाला आलेला पोरगा. इथं त्याच्या बाजूनं बोलणारं कुणी न्हाई.

हवालदार मला ओळखत होता. मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात कामाला. ठाण्याच्या बोअरची मोटर मीच बसवून दिलेली. उंची किसनएवढी, म्हणून मला उचललं. बाकीचे पाचही आमच्या बौद्ध वस्तीतलेच. बाजारपेठेतल्या एकाही दुकानदाराचा पोरगा त्यात नव्हता. चोरासारखं दिसायला आम्हीच लागतो.

आत परेड घ्यायला नायब तहसीलदार होते. त्यांनी पोलिसांना बाहेर काढलं. तसा नियम आहे. किसनला विचारलं, रांगेत कुठं उभं राहतोस? तोही नियम आहे. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, की अटकेनंतर साक्षीदारानं आरोपीला कुठंच बघितलेलं नसावं. बघितलं असेल तर परेडीला अर्थ न्हाई.

 आणि मालकानं बघितलं होतं, माझ्यासमोर.

पोळ्याच्या आदल्या त्या दुपारी मी ठाण्यात मोटर बसवायलो होतो. शेतमालक व्हरांड्यात खुर्चीवर चहा पीत होते. किसनला कोठडीतून आणलं. तोंडावर फडकं न्हाई. मालकाच्या पायाशी बसवलं आणि हवालदार म्हणाला, "मालक, नीट बघून घ्या. जेलात चुकू नका." मला त्यात काही वेगळं दिसलंच न्हाई. मालक वर, पोरगा खाली. जन्मापासून तेच बघत आलो.

"आरोपीची काही तक्रार?" साहेबांनी विचारलं.

किसन स्वतःच्या पायांकडं बघत राहिला. आपल्यालाही तक्रार करता येते, हे त्याला आजवर कुणी सांगितलंच नसावं.

मी म्हणालो, "साहेब, मालकानं ह्याला ठाण्यात बघितलंय. मी तिथं होतो."

"तू डमी आहेस. डमीनं बोलायचं नसतं."

"मग मी डमी न्हाई."

रांग सोडली. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.  एका आरोपीबरोबर कमीत कमी सहा माणसं लागतात, आणि आणले होते मोजून सहाच. परेड थांबली. मी सांगितलेलं लिहून घ्या, असं साहेबांना दोनदा म्हणालो. त्यांनी लिहिलं, माणसं कमी पडली.

येताना हवालदारानं मला गाडीत घेतलं न्हाई. माझे बूट, माझा शर्ट गाडीतच गेले. त्या मळक्या शर्टात अनवाणी, शहराबाहेर विष्णुपुरीपर्यंत चालत आलो. पुढं एका टेम्पोवाल्यानं घेतलं. तोही विचारत होता, काय चोरलं रे? घरी आई म्हणाली, "गप उभा राहिला असतास तर तुझं काय गेलं असतं?"

माझं काय जाणार होतं? जाणार होतं ते किसनचं.

परेड पुन्हा झाली. दुसरी सहा पोरं आणली, शेजारच्या वस्तीतली. मालकानं किसनच्या खांद्यावर बरोबर हात ठेवला. किसन अजून आत आहे.

त्यानं चोरी केली का? मला ठाऊक न्हाई. ते कोर्टानं ठरवावं. पण कोर्टापुढं जाणारी ती ओळख ठाण्याच्या व्हरांड्यात शिजवलेली आहे, आणि शिजवताना मी बघितलंय. किसनच्या वकिलाला सांगून आलोय, मला साक्षीला बोलवा. हवालदार दुकानावर येऊन गेला. "पुढारी व्हायलास का, लेका?" म्हणाला. होईन. साक्ष देणारच.

आणि तुम्ही, हे वाचणारे. परेडीसाठी पोरं गोळा करायला गाडी येते तेव्हा तुमची दारं बंद असतात. उघडा ती. तुमचा पोरगा पाठवा पुढच्या किसनच्या शेजारी उभा राहायला. रांगेत पाय ठेवण्याआधी त्यानं साहेबाला तोंडावर विचारायचं, साक्षीदारानं ह्याला आधी बघितलंय का? उत्तर मिळेपर्यंत रांगेत उभं राहायचं न्हाई.