साहेबरावचा नळ

आमच्या कट्ट्यावर बसायला एक बाकडं आणि दोन विटा एवढंच सामान, पण किस्से असे साठतात की विचारू नका. शहरात पाणी आठवड्यातून एकदा, किस्से रोज! बरं, ते साठवायला ड्रमही लागत नाहीत.

कट्टा म्हणजे सलीमभाईंची चहाची गाडी. नेहमीचे आम्ही तिघं: रिटायर्ड मास्तर कांबळे सर, मी आणि साहेबराव. साहेबराव आणि मी बिडकीनच्या शाळेत एका बाकावर बसायचो. गणितात तो माझं बघून पास झाला. पुढं कारखान्यांसाठी त्याची जमीन गेली आणि मोबदल्याच्या पैशात तो आमच्याच गल्लीच्या तोंडाशी बंगल्यात गेला. आमची जमीनही तिथंच होती, पण वडिलांनी ती कितीतरी आधी स्वस्तात विकून टाकलेली. तेव्हा सरळच सांगतो, मी साहेबराववर जळतो. लपवून काय उपयोग?

*

पाण्याच्या दिवशी आमच्याकडं माणसं हाफ डे टाकतात. वॉल्व्ह सकाळी उघडेल की दुपारी, याचा नेम नसतो. घरी कुणीतरी मोटर घेऊन तयार लागतंच.

मी वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. पुण्याहून नवे मॅनेजर आले. माझा अर्ज बघून ते सगळ्यांसमोर हसले. "पाण्यासाठी रजा? उद्या हवा खायला पण रजा मागाल!"

महिन्याभरानं साहेबांनी फॅमिली इकडं आणली. पुढच्याच आठवड्यात केबिन रिकामी. फोन केला तर मागून मोटरचा आवाज आणि साहेब ओरडतायत, "अहो, आमच्याकडे पाणी आलंय! आज मी येत नाही!"

त्यांना पूर्ण दिवस मिळाला. माझा मात्र त्या वेळचा हाफ डे कापलेला तो कापलेलाच.

*

साहेबरावच्या स्कूटरच्या डिकीत चार पक्षांची चार उपरणी असतात, घडी करून, पिशवीत. ज्याची सभा त्याचं उपरणं! गेल्या काही वर्षांत आमच्याकडं पक्षच इतके फुटले की एक डिकी पुरेना.

मी आजवर कुठल्याच पक्षाच्या सभेला गेलो नाही, कुणाचा साधा चहा घेतला नाही. सगळे एका माळेचे मणी, हे माझं ठाम मत. त्यामुळं मला कुणी काही दिलंही नाही. साहेबरावला मात्र सगळे 'या, बसा' करतात.

एकदा कांबळे सरांनी विचारलंच, "साहेबराव, आता खरं सांगा, तुम्ही नेमके कोणत्या पक्षात?"

साहेबराव शांतपणे म्हणाला, "सर, सध्या तर डिकीत हाय."

*

दूध वाढलं, साखर वाढली, गॅस वाढला, पण सलीमभाईंनी चहाचा भाव वाढवला नाही. ग्लास तेवढा बदलला. मग पुन्हा बदलला. आता तो हातात धरावा की चिमटीत, असा प्रश्न पडतो.

मी तक्रार केली तर म्हणाले, "दाम वहीच है ना, दत्ताभाई? बोलो!"

कांबळे सर म्हणाले, "सलीमभाई, तुम्ही निवडणुकीला उभे राहाच. तुम्हाला सगळं येतंय!"

*

इलेक्शनच्या आधी साहेबराव एका उमेदवाराला घेऊन आमच्या दारात आला. उमेदवार हात जोडून म्हणाले, "ताई, रोज पाणी देणार, हा शब्द आहे आपला. जरा पाणी द्या, घसा बसलाय."

माझ्या बायकोनं, सुनंदानं, अर्धा ग्लास दिला. इथं पाहुण्याला अर्धाच देतात. उरलेलं ओतून द्यायला जीव होत नाही. ते ग्लासकडं बघत राहिले. सुनंदा म्हणाली, "उरलेला अर्धा नळ आल्यावर घ्या, दादा!"

सगळी गल्ली हसली. मीही हसलो. नंतर कळलं की हसायला नको होतं.

कारण ते निवडून आले, आणि नवी पाइपलाइन आली ती मेन रोडवरून थेट साहेबरावच्या गेटापर्यंत, आणि तिथंच थांबली. आमचं घर तिथून सहावं! नळाला हार घातला, नारळ फुटला, साहेबरावचा फोटो निघाला. दुसऱ्या दिवसापासून तो गेटाशी पाइप सोडून गाडी धुऊ लागला. झाडांनाही पाणी, रस्त्यावरही पाणी!

"बघा," सुनंदा म्हणायची, "त्यांची गाडी दिवसाआड न्हाते, आणि आपल्या पोरांना तांब्या तांब्या मोजून. तुमचं ते ठाम मत ड्रममध्ये टाका आता."

मी लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. ती ओली गाडी बघवत नव्हती.

*

त्या आठवड्यात मला फर्स्ट शिफ्ट होती. सकाळी साडेपाचला कंपनीच्या बससाठी निघालो, तर बंगल्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर टँकर उभा. ड्रायव्हरनं मला हाक मारली.

"ओ काका, साहेबरावांचं मागचं दार कोणतं? रोजचा ड्रायव्हर पाचोडला गेलाय लग्नाला. मालकानं सांगितलंय, गाडी पुढून अजिबात न्यायची नाय."

"अहो, पण त्यांच्याकडं तर नळ आहे!"

"आसंल की. पण टँकर दिवसाआड लागतोच."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बनियनवर साहेबराव, हातात जाड पाइप. मला बघून तो जागीच थांबला. शाळेत कॉपी करताना सापडला होता, तेव्हा असाच दिसला होता.

"दत्ता," तो हळूच म्हणाला, "लाईन मेन रोडला जोडलीच नाय रे अजून. एक थेंब नाय आला. पण हार मीच घातला ना, आता कुणाला सांगू?"

इतके महिने मी या माणसाच्या नळावर जळत होतो! मला हसू येत होतं आणि रागही. बस यायला पाच मिनिटं होती.

साहेबराव पाइपकडं बघत म्हणाला, "तुझा ड्रम रिकामा आसंल ना?"

बस चुकली.

संध्याकाळी कट्ट्यावर कांबळे सर म्हणाले, "का हो, साहेबरावांच्या नळाला मुळी पाणीच येत नाही, असं ऐकतोय. खरं का?"

साहेबराव खाली मान घालून चहा ढवळत बसला.

"कोण म्हणतं?" मी म्हणालो. "अहो सर, आज सकाळी मी स्वतः याच्याकडून दोन ड्रम भरून आणलेत!"