खडूच्या रेघेपर्यंत

माझी आत्या कागदाच्या कारखान्यात लाकूड पारखायची. फाटकाशी गाडी आली की ओंडक्यांवरून हात फिरवणार, दोनचार ठोकून बघणार आणि एका शब्दात निकाल देणार: "घ्या", नाहीतर "न्या". एकतीस वर्षं हेच. ठेकेदार तिला मागून 'मास्तरीण' म्हणायचे. समोर हूं की चूं करायची कुणाची टाप नव्हती.

मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कागद फाडते. हसू नका, पगार त्याचाच मिळतो. किती जोर लावल्यावर कागद फाटतो ते यंत्रावर मोजायचं, हे माझं काम.

बाबांनी कालव्याकाठी निलगिरी लावली होती. पाण्याला तोटा नाही, त्यामुळे चार वर्षांतच झाडं अशी माजली की बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून दाखवायचे. "कवेत मावत नाही बघ!" मावत होतं, पण बोलणार कोण? शेवटी अर्धी झाडं तोडून त्यांनी गाडी भरली. फाटकावर सख्खी थोरली बहीण, मग काळजी कसली? ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसून गेले.

आत्याने ओंडके ठोकले, नखाने साल खरवडली आणि म्हणाली, "न्या."

"ताई, अगं मी आहे!"

"दिसतंय मला. लाकूड कोवळं आहे. तीन वर्षं थांब."

"जाडी बघ की!"

"जाडी कालव्याने दिली. वय कुठून आणशील?"

गाडी परत आली. ती झाडं बांधकामाच्या टेकूंना गेली आणि बाबांनी बहिणीशी अबोला धरला. त्यांचं दुःख लाकडाचं नव्हतंच. चारचौघांत ताईने परत पाठवलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

मलाही संताप आला. एवढा कसला ताठा! आत्याला खोटं पाडायचं म्हणून मी बाबांच्या झाडाचे तुकडे एका भांड्यात शिजवले, सात वर्षांच्या झाडाचे दुसऱ्यात. माझाच पचका झाला. कोवळ्या लाकडाचा लगदा कमी निघाला आणि त्यातले धागे आखूड. कागद झाला गुळगुळीत, देखणा. पण यंत्राने जरा ओढला की टर्र. आम्ही सिमेंटच्या पिशव्यांचा कागद करतो, देखणेपणा काय चाटायचाय? घरी येऊन मी बाबांना खरं ते सांगितलं. ते अर्ध्या जेवणावरून हात धुऊन उठले. उरलेल्या झाडांना मात्र त्यांनी कुऱ्हाड लावली नाही.

पुढच्या वर्षी हातभर लांबीची एक दांडी कापून त्यांनी माझ्याकडे दिली. "दे तिला." बस्स, एवढंच. आत्याने ती महिनाभर वाळवली, तिच्यावर खडूने रेघ मारली आणि पाण्याच्या उंच, अरुंद डब्यात उभी सोडली. लाकूड जितकं भरलेलं, तितकं ते खोल बसतं; तयार लाकूड बरोबर रेघेपर्यंत बुडतं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली राहिलं. आत्याने दांडी तशीच ओली परत दिली. "दाखव त्याला, ओल कुठवर आलीये ती."

त्याच्या पुढच्या वर्षी नवी दांडी, दोन बोटं. दोघांच्या घरांत दहा मिनिटांचं अंतर, आणि मध्ये मी पोस्टमन! एकदा मी चिडलेच. "आत्या, एक फोन केलास तर काय बिघडेल गं?"

तिचे डोळे भरले. "मला काय हौस आहे? लहानपणी माझ्या कडेवरून उतरायचा नाही तो. पण त्याची गाडी घेतली असती, तर दुसऱ्या दिवसापासून कुठल्या तोंडाने कुणाला 'न्या' म्हटलं असतं मी?"

झाडांच्या सातव्या वर्षी आत्या निवृत्त झाली. त्यानंतर दोन महिन्यांनी दांडीवरचं पाणी बरोब्बर रेघेला टेकलं. मी धावत घरी गेले. बाबांनी दांडी हातात घेतली, ओलीवरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा पडला. "आता फाटकावर ती कुठे आहे?"

"मग घेऊन जा ना तिला!" मी ओरडलेच. "का त्यासाठीही माझ्याच हाती चिठ्ठी देणार?"

चार दिवसांनी भरलेली गाडी आत्याच्या दारात उभी राहिली. बाबा खाली उतरले. "ताई, चल."

"कुठे?"

"फाटकावर."

आत्याने पायात चपला सरकवल्या आणि गाडीत चढून बसली. मागून स्कूटरवर मी. फाटकावरच्या नव्या पारख्याने तिला बघितलं आणि तो आपण होऊन बाजूला सरला. आत्याने घाई केली नाही. हाताला लागेल तो ओंडका ठोकला, साल खरवडली, नाकाशी नेली. बाबा गाडीच्या चाकाशी शाळकरी पोरासारखे ताठ उभे.

"हा एक बाजूला काढा, किडलाय," ती म्हणाली. "बाकी घ्या."

बाबांनी डोळे पुसले, ते सगळ्यांसमोर, आणि नव्या पारख्याचा दंड धरला. "तीन वर्षांपूर्वी माझी गाडी हिने इथूनच परत पाठवली होती, माहितीये?" ते मोठ्याने म्हणाले. "सख्ख्या भावाची! अशी आहे माझी बहीण."