हॉर्न विसरायचा

भुसावळच्या रेल्वे कॉलनीमागे जुने क्वार्टर पाडून एक मैदान मोकळं झालं आहे. दर रविवारी सकाळी संघपाल तिथे फक्कीने आठचा आकडा काढतो. कबड्डीच्या मैदानावर टाकतात तीच ही पांढरी फक्की. या आकड्यावरून पाय न टेकता मोटारसायकल फिरवता आली, की आखातातली लायसन्सची अर्धी परीक्षा पास झाली, असं इकडची पोरं मानतात. उरलेली अर्धी संघपालच्या तोंडून ऐकायची असते.

संघपाल मूळचा वरणगावचा. आखातातल्या एका शहरात त्याने काही वर्षं मोटारसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवलं. आता भुसावळात त्याचं हेल्मेट, सीट कव्हर आणि आरशांचं छोटं दुकान आहे. पोरं त्याच्याकडून आरसे नेतात आणि त्यात मागचा ट्रक सोडून स्वतःचे केस बघतात, यावर तो रोज कोणाला तरी झापतो. बाहेरदेशी निघालेला प्रत्येक गाडीवाला मात्र आधी त्याच्याकडे येतो. तो शिकवायचा एक पैसा घेत नाही. गल्लीत त्याला देवमाणूस म्हणतात. देवमाणूस म्हटलं की त्याचं तोंड पडतं आणि तो उगाच एखाद्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघायला लागतो. लोकांना हा विनय वाटतो. लोकांचं काय, लोकांना काहीही वाटतं.

त्याचा पहिला नियम ठरलेला. "हॉर्न विसरायचा. इकडं हॉर्न म्हणजे आपलं बोलणं हाये. म्हशीला बाजूला हो, ओळखीच्याला जय भीम, वळणावर आलो रे बाबा, सारं हॉर्ननंच. तिकडं हॉर्न म्हणजे शिवी. परीक्षेत वाजवला तर साहेब तिथंच नापास करते."

मग बाकीचं. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, आणि पहिले काही दिवस प्रत्येक चौकात हे स्वतःला मोठ्याने सांगायचं. वळण्याआधी आरशावर विसंबायचं नाही, मान वळवून खांद्यामागे बघायचं. हेल्मेटच्या आत सुती रुमाल बांधायचा, नाहीतर घाम डोळ्यांत उतरतो. तहान लागण्याआधी पाणी प्यायचं. रस्त्यावर वाळू आली असेल तर पुढचा ब्रेक हळू दाबायचा. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची आपली अक्कल विमानतळावरच ठेवून जायची. पोरं हसतात, आणि शिकतातही.

खुद्द संघपालला मात्र हॉर्न कधीच विसरता आला नव्हता. त्याचे वडील वाल्मीकनाना ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ड्युटीवरून परतताना ते गल्लीच्या तोंडाशी मोपेडचा हॉर्न दोनदा वाजवत, छोटा, पीं-पीं. त्यावर आई द्रौपदाबाई चहा टाकत. संघपालच्या अंगठ्यालाही तीच खोड लागली होती. कोणी ओळखीचं दिसलं की पीं-पीं. आखातात गेल्यावर खोलीतले सोबती त्याची टर उडवत, "अख्ख्या शहरात हॉर्न वाजवणारा एकच येडा आहे, आणि तो आपल्या नशिबी आला." ही टर सगळ्यात जास्त उडवणारा होता धुळ्याचा रुपचंद. दोघांच्या खाटा शेजारी होत्या. रुपचंद पिठलं करायचा, संघपाल भाकरी थापायचा, आणि भाकरी वाकडी झाली की दोघं त्यावरून तासभर भांडायचे.

एका रविवारी मैदानावर एक नवा तरुण आला आणि सरळ पाया पडायला वाकला. संघपालने नेहमीप्रमाणे पाय मागे घेतले.

"मी स्वप्नील. धुळ्याहून आलो. रुपचंद माझे दाजी. ते म्हणाले, दुसऱ्या कोणाकडे जायचंच नाही. गाडी शिकायची तर संघपालभाऊकडून."

"रुपचंद कसा हाये?" संघपालने विचारलं.

"बरे आहेत. गुडघा काही वाकत नाही आता. दुकानावर बसतात. तुमचं नाव रोज निघतं घरात. तुम्ही नसते तर दाजी परत दिसले नसते, म्हणते ताई."

संघपाल वाकला आणि चांगल्या निघालेल्या आठवर पुन्हा फक्की टाकत राहिला.

खरी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, बायको सविताला सुद्धा नाही. ऑगस्टमधली दुपार होती. तिकडचा ऑगस्ट म्हणजे जळगावचा मे महिना दुप्पट करून घ्यावा. संघपालच्या पेटीत गरम जेवण होतं आणि मोबाइलवर उशिराची लाल पट्टी आली होती. आदल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याच्या सांडलेल्या पिशव्या भरून द्यायला तो थांबला होता, तेव्हा सुपरवायझरने त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं होतं. पुन्हा उशीर झाला तर घरी, असं बजावलं होतं. पुलावरून उतरताना कठड्याला टेकून एक गाडी आडवी पडलेली दिसली. शेजारी एकजण पालथा. कपडे संघपालसारखेच, पेटी तशीच, डोक्यावर हेल्मेट, त्यामुळे चेहरा नाही. त्या माणसाने हात वर केला.

संघपालने गाडी हळू केली. अगदी चालत्या माणसाइतकी हळू. मग त्याच्या मनात भराभर सगळं आलं. पोलीस विचारतील. मागून कोणी येईलच. जेवण थंड होईल. नोकरी जाईल. तोंडाने काही म्हणता येईना, म्हणून अंगठ्याने म्हटलं, पाहिलं बरं का. पीं-पीं. आणि तो निघून गेला.

संध्याकाळी खोलीत कळलं, तो रुपचंद होता. बराच वेळ तो तसाच उन्हात पडून होता. शेवटी पाण्याच्या टँकरवाल्या एका पठाणाने त्याला उचललं.

आपण त्याला ओळखलं नव्हतं, असं संघपालने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. ते खरंही होतं. पण त्याचं मनच उलटून विचारायचं, अनोळखी असता तर चाललं असतं का रे? तो आखातात निघाला तेव्हा वाल्मीकनाना भुसावळ स्टेशनावर पोचवायला आले होते. नानांना स्वतःला एकदा हायवेवर पडलेलं असताना एका अनोळखी ट्रकवाल्याने दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले होते, "गाडी हळू हाक असं म्या म्हननार नही, तू ऐकनार नही. येकच ऐक. पडलेल्याजवळ थांबत जाय. मंग तो वैरी का असेना." बापाने सांगून सांगून एकच गोष्ट सांगितली, आणि पोराने नेमकी तीच मोडली.

मग संघपालने रुपचंदची सेवा केली. दवाखान्यात डबा नेला, अंग पुसलं, लघवीचं भांडं दिलं, रात्रपाळी मागून दिवस त्याच्या खाटेशी काढला. रुपचंद घरी परतला तेव्हा विमानतळावर चाकाची खुर्चीही त्यानेच ढकलली. ती गोष्ट धुळ्याला पोचली, वरणगावला पोचली, आणि संघपाल देवमाणूस झाला. मागच्या वर्षी नाना गेले, ते पोरगा आपल्या शब्दाला जागला या समाधानात गेले. त्यांच्या उशाशी बसून संघपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तरी तो बोलला नाही. नंतर सांगू म्हणता म्हणता माणूस निघून जातो, आणि सांगायचं तसंच राहतं.

स्वप्नील हुशार निघाला. दोन रविवारांतच पाय न टेकता आठ काढायला लागला. खांद्यामागे बघायला तर इतक्या जोरात मान वळवायचा, की संघपाल म्हणाला, "अरे, मान तुटीन, पासपोर्टवर फोटो कशाचा लावशीन?" पोरगा गोड होता, आणि हेच अवघड जात होतं. एकदा पाणी पिता पिता त्याने सहज विचारलं, "भाऊ, तिकडे रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर काय करायचं? थांबू देतात का?"

चोराच्या मनात चांदणं. संघपालला वाटलं, याला कोणी शिकवून पाठवलं की काय. तो म्हणाला, "ते तिथं गेल्यावर कळते." आणि लगेच ओरडला, "चल, पुन्हा आठ काढ. मघाशी डावा पाय टेकवला तू." पाय टेकवला नव्हता. स्वप्नीलने हेल्मेट घातलं. ज्याला साऱ्या गोष्टी सांगितल्या त्याला कामाची एक गोष्ट सांगता आली नाही, याची त्या दिवशी संघपालला इतकी लाज वाटली, की घरी गेल्यावर सविताने वाढलेलं ताट तसंच राहिलं.

शेवटच्या रविवारी स्वप्नीलसोबत रुपचंदही आला. धुळ्याहून एसटीने, काठी टेकत, सोबत केळफुलाच्या वड्यांचा डबा घेऊन. कितीतरी दिवसांनी भेट होत होती. मैदानाच्या कडेला लिंबाखाली एक सिमेंटचा तुटका पाइप पडलेला आहे, त्यावर रुपचंद पाय लांब करून बसला. संघपालला त्याच्या सरळ पायाकडे बघवेना आणि दुसरीकडे बघता येईना.

"हाडकी गया रे तू," रुपचंद आपल्या अहिराणीत म्हणाला. "जेवस नही का काही?"

स्वप्नीलने आठ काढून दाखवला, एकदा, दोनदा. रुपचंदने काठी आपटून शाबासकी दिली. मग पोराला जवळ बोलावलं.

"काय काय शिकाडं भाऊनी?"

स्वप्नील पाठ म्हटल्यासारखं सांगत गेला. उजवी बाजू, खांद्यामागे बघणं, रुमाल, पाणी, वाळू. "आणि पहिलं म्हणजे, हॉर्न विसरायचा."

"आनि कोणी पडेल दिसना तर?"

स्वप्नीलने संघपालकडे बघितलं. "ते भाऊ म्हणाले, तिथे गेल्यावर कळतं."

डब्याचं झाकण उघडून रुपचंदने एक वडी संघपालच्या हातात ठेवली. मग मेहुण्याला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं.

"ते मी सांगस. थांबानं. नोकरी गई तर जावो, दुसरी भेटी. आनि नहीच थांबता उनं, तर चुपचाप निंघी जाय. हॉर्न वाजाडू नको. पडेल मानूसले हॉर्न आयकू येस. त्याले वाटस, आपला मानूस उना. मंग तो वाट दखत ऱ्हास."

संघपालच्या हातातली वडी तशीच राहिली. आपला माणूस आला, असं समजून हा वाट बघत राहिला होता. म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्यात आपण अंग पुसत होतो तेव्हा माहीत होतं, डबा भरवत होतो तेव्हा माहीत होतं. आणि याने प्रत्येक घास मुकाट खाल्ला, घरी जाऊन आपलं नाव काढलं, स्वतःच्या मेहुण्याला आपल्याकडेच पाठवलं. संघपालला वाटलं, याने त्या दिवशी चार माणसांत थोबाडीत मारली असती तर किती सोपं झालं असतं. संघपालने वडी परत डब्यात ठेवली.

"स्वप्नील," तो म्हणाला. "तो म्या होतो. तुझ्या दाजीला पडलेलं पाहून निघून गेलेला. थांबलो नही. हॉर्न वाजवला आन् गेलो."

स्वप्नील आधी दाजीकडे बघत राहिला, मग त्याच्याकडे. पोराच्या डोळ्यांतून काहीतरी उतरत गेलेलं संघपालला स्पष्ट दिसलं, आणि ते बघत उभं राहणं भाग होतं. इतक्या वर्षांनी एकदाचं बोलून झालं म्हणून त्याला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचीही लाज वाटली.

"रुपचंद, म्या..."

"माले माहीत शे," रुपचंद म्हणाला. "तू परत येशी म्हनीसन मी वाट दखी. दवाखानामा उना तू. उशीर व्हयना, पन उना." मग तो काठी टेकून उठला. "चाल, माले स्टँडवर सोड. मनी एसटी चुकी."

निघताना स्वप्नील पाया पडला नाही. "येतो भाऊ," एवढंच म्हणाला आणि कोरडा हात पुढे केला. संघपालने तो हात धरला. त्याला तेच योग्य वाटलं. स्वप्नील पायीच स्टँडकडे निघाला.

रुपचंदला गाडीवर बसवायला वेळ लागला. वाकत नसलेला पाय बाहेर काढून, एक हात संघपालच्या खांद्यावर घट्ट ठेवून तो बसला. संघपालने गाडी इतकी जपून चालवली, की सायकलवाले पुढे निघून जात होते. बाजारपेठेच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक गाय उभी होती, आणि भुसावळच्या गाईला कोणाची घाई नसते. संघपाल थांबला. त्याचा अंगठा बटणाशी गेला आणि तिथेच राहिला. मागे रिक्षा खोळंबल्या, ओरडाआरडा सुरू झाला. तरी त्याला बटण दाबवेना.

रुपचंदने त्याच्या खांद्यावरून पुढे वाकून डावा हात लांब केला, आणि त्याच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून हॉर्न दाबला. दोनदा, छोटा.