जीपमधला उजेड आला कुठून?

महाबळेश्वरच्या त्या जीपचा स्टार्टर एकदा 'कट' म्हणाला आणि गप्प झाला. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. एवढ्या वर्षांनी तो पुन्हा ऐकू यायला निमित्त झाले पुतण्याच्या नव्या गाडीचे.

निवृत्तीनंतर मी सांगलीत विश्रामबागला राहतो. मागच्या महिन्यात पुतण्याने गाडीच्या काचेमागे छोटा कॅमेरा बसवून घेतला. मी मेकॅनिकला विचारले, "गाडी उभी असताना हा चालू राहिला तर बॅटरी उतरणार नाही का?" त्याने फ्यूजपाशी जोडलेली काडेपेटीएवढी डबी दाखवली. "काका, बॅटरी फार खाली यायला लागली की ही कॅमेऱ्याचा करंट तोडते. गाडी सुरू होण्यापुरता शिल्लक राहतोच."

नव्वदीच्या दशकात असली डबी नव्हती. तेव्हा मी महाबळेश्वरला फौजदार होतो. थंडीत सकाळची हजेरी कानटोप्या घालून व्हायची. बिनतारी संच खरखरायचा, आणि ठाण्याची जीप रात्री उतारावर, चाकाला दगड लावून उभी असायची. सकाळी दगड काढायचा, जीप घरंगळू द्यायची आणि गिअर टाकून सुरू करायची. बॅटरीवर कोणाचाच भरवसा नव्हता. गावातले निम्मे टॅक्सीवाले हेच करायचे. ते दिवस आठवले की अजून नाकात धुके आणि स्ट्रॉबेरीचा वास येतो.

अशाच धुक्याच्या एका दुपारी ठाण्यात खबर आली. एका हॉटेलसमोरच्या उतारावरून रिकामी जीप घरंगळत येऊन स्ट्रॉबेरीच्या टपरीवर आदळली होती. टपरीवाल्या बाईचा पाय मोडला होता. तिला साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात पाठवून मी पंचनाम्याला लागलो.

जीप भाड्याने फिरणारी, चालकाच्याच मालकीची होती. चालक सांगली जिल्ह्यातला, लष्करातून निवृत्त झालेला. हॉटेलमालकाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने दोन मित्रांसह व्हिडिओ फिल्म काढण्यासाठी ती दिवसभर ठरवली होती. कॅमेरा डॅशबोर्डवर दोरीने बांधलेला, शेजारी लग्नात वापरतात तसला मोठा दिवा.

मुलगा म्हणाला, "ड्रायव्हरने गाडी उतारावर लावली आणि जेवायला गेला. आम्ही हॉटेलात चहा घेत होतो."

माझ्या हवालदाराने जीपची किल्ली फिरवली. 'कट'. पुढे काहीच नाही.

"बघा साहेब, बॅटरी मेलेली," हवालदार म्हणाला. "म्हणूनच उतारावर लावली. आपण तरी दुसरं काय करतो?"

चालक ताठ उभा होता. म्हणाला, "साहेब, माझी बॅटरी नवी हाय. गाडी मी फाटकापाशी सपाटीला लावली हुती. ह्यांना पयलंच सांगितलं, कॅमेऱ्याला आनि दिव्याला दुसरी बॅटरी आणा, माझ्या बॅटरीला हात लावू नगा. ट्रॅक्टरची आणली की त्यांनी. गाणी लावायची म्हनाले, म्हणून फकस्त किल्ली ठेवून गेलो."

"मग बॅटरी उतरली कशी?"

"ते मला म्हाईत असतं तर मी असा उभा ऱ्हायलो असतो व्हय?"

हयगयीने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदला. जीप जप्त झाली, लायसन्स काढून घेतले. जामिनावर तो सुटला; पण शिक्षा झाली तर टॅक्सीचा बॅज जाणार होता आणि जीपखेरीज त्याच्या घराला आधार नव्हता.

संध्याकाळी वरच्या कार्यालयातून फोन आला. "साधं प्रकरण आहे. ड्रायव्हरला कबूल करायला सांगा. दंड भरून सुटेल. पोराची परीक्षा जवळ आली आहे."

मी 'तपास चालू आहे' एवढेच म्हणालो. गरिबाने गुन्हेगार म्हणून नाव लावून घ्यावे आणि श्रीमंताच्या मुलाने निवांत परीक्षा द्यावी, याला तडजोड म्हणत नाहीत. याला अन्याय म्हणतात. खाकी कपडे अंगावर असताना तो मुकाट पाहणारा माणूस त्या अन्यायाचा भागीदार असतो. हे मी तेव्हा मानत होतो, आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी बाईचा जबाब घ्यायला साताऱ्याला गेलो. पायाला प्लास्टर, उशाशी सफरचंदांची भलीमोठी टोपली. हॉटेलमालकाने पाठवलेली.

"न्या वं साहेब ती टोपली. मी स्ट्रॉबेरी इकणारी, मला फळाचं काय कवतिक?"

मी विचारले, "मावशी, जीप येताना पाहिलीत?"

"धुक्यात काय दिसतंय? पण आवाज ऐकला की. इंजिनाचा न्हाई. पोरांचा. वरनं 'हैश्शा, हैश्शा' करत हुती. हसत बी हुती. मग येकदम गप झाली, आन् गाडी अंगावर आली."

माझा हात कागदावर थांबला. उभी केलेली जीप आपोआप घरंगळली असेल, तर 'हैश्शा' कोण कशाला म्हणेल?

"हे काल का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं का? समद्यांनी ठरीवलं, डायवरची चूक. त्यो बिचारा मला उचलायला पयला धावला हुता."

परत येताच मुलाला वडिलांसह हॉटेलातच बसवले. हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. तपासात मोठ्या आवाजाचा उपयोग फार थोडा. खोटे बोलणाऱ्याला शांत माणसाचीच जास्त धास्ती वाटते.

"दिवा कशावर चालवला?"

"वेगळ्या बॅटरीवर. ड्रायव्हरचीच अट होती."

"जीपच्या बॅटरीला तार जोडली?"

"नाही साहेब. एकदाही नाही."

"चित्रण करताना गाडी कुठे होती?"

"उतारावरच. त्यानेच लावलेली."

कॅमेऱ्यातली कॅसेट पंचांसमोर ताब्यात घेतली आणि स्वागतकक्षातल्या टीव्हीवर लावली. मित्र जीपमध्ये बसून गाणे म्हणत होता. त्याच्या मागे काचेतून हॉटेलच्या फाटकाचे दोन पांढरे खांब दिसत होते. म्हणजे गाडी सपाटीवर होती. मुलाचा बाप खुर्चीत सावरून बसला.

मग मित्राच्या तोंडावरचा उजेड हळूहळू पिवळा पडत गेला. "अरे, बॅटरी मेली बघ," असा आवाजही आला. चित्र तुटले. पुन्हा सुरू झाले तेव्हा मागे तेच खांब, तोच मित्र, आणि उजेड पांढराशुभ्र.

मी कॅसेट थांबवली. "तुमची बॅटरी तर संपली. मग हा उजेड आला कुठून?"

हवालदार म्हणाला, "सांगा की, धाकले मालक. बॅटरी मधीच जेवून आली काय?"

बापानेच शेवटी विचारले, "बोल रे. जीपला जोडलीस?"

मुलगा रडायला लागला. तारेच्या क्लिपा त्यांनी जीपच्या बॅटरीला लावल्या होत्या. इंजिनाने कॅमेरा थरथरतो म्हणून इंजिन बंद. वर गाणी चालू. थोड्याच वेळात तीही बॅटरी उतरली. मिलिटरीवाला येऊन ओरडेल, या भीतीने तिघांनी जीप ढकलत उतारापर्यंत नेली, म्हणजे घरंगळताना सुरू होईल. मुलगा स्टिअरिंगवर बसला. उतारावर जीपने वेग घेतला तसा तो घाबरला आणि ब्रेक दाबायचे सोडून त्याने बाहेर उडी मारली.

"बाई ओरडली तेव्हा आम्ही पळालो," तो म्हणाला.

उतरलेली बॅटरी खरी होती. तिच्यावरून आम्ही काढलेला अर्थ खोटा होता. त्यानंतर पुरावा आपल्या मनातल्या गोष्टीत फार अलगद बसला, की मला नेहमी संशय यायला लागला. आणि ज्याला सर्वात जास्त लागले आहे, त्याला सर्वात आधी विचारायचे, हा नियम मी पुढच्या प्रत्येक ठाण्यात पाळला आणि पाळायला लावला. जखमी माणूस म्हणजे फक्त दवाखान्याच्या दाखल्यावरचे नाव नसते.

मुलावर दोषारोपपत्र गेले. फोन पुन्हा आले, मी पुन्हा तेच उत्तर दिले. चालकाचे नाव गुन्ह्यातून वगळले, लायसन्स परत दिले, न्यायालयाच्या आदेशाने जीपही सुटली.

बाईला दवाखान्यातून सोडले त्या दिवशी तिचा पुरवणी जबाब घ्यायला मी साताऱ्यात होतो. दारात तीच जीप उभी होती. चालक खाली मान घालून म्हणाला, "मावशे, घरला सोडतो. मागं गादी टाकलीया."

बाईने जीपकडे पाहिले. बॉनेटवर टपरीचा पत्रा घासलेला ओरखडा तसाच होता.

"हीच व्हय रं ती?"

"हीच. नगं वाटत आसंल तर दुसरी बगतो."

बाईने काठी त्याच्या हातात दिली.

"दुसरी कशाला? पन मागं न्हाई बसायची मी. म्होरं बसीव. ह्या बारीला कोन चालवतंय, ते मला दिसू दे."